चार चाकांवरचं वांड वासरू

दोस्तांनो, सुट्टी लागली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या मंडळींचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. पहाटे उठून डबे भरायचे, पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या आणि कर्जत, मुरबाड, शहापूरकडच्या एखाद्या रिसॉर्टवर, नाहीतर थेट नागाव-काशिदच्या किनाऱ्यावर जाऊन थडकायचं. पोहायचा तलाव, झोके, गरमागरम भजी, सगळं साग्रसंगीत. पण पोरांची खरी गर्दी कुठं होते, ठाऊक आहे? जुन्या टायरांचं कुंपण घातलेल्या मैदानात चार गुबगुबीत चाकांच्या, स्कूटरसारखं हँडल असलेल्या गाड्या घरघरत उभ्या असतात ना, तिथं! त्यांचं नाव एटीव्ही. ऑल टेरेन व्हेइकल, म्हणजे कसल्याही जमिनीवर चालणारी गाडी. कुणी तिला क्वाड बाईकही म्हणतं.

पैसे भरायचे, डोक्यावर कुणाचं तरी घामेजलेलं हेल्मेट चढवायचं आणि सुटायचं. तिथला दादा सांगतो, "हा अंगठा दाबला की पळते, हा ब्रेक. जा!" झालं शिक्षण. सायकल शिकायला आपल्याला चार दिवस लागले होते आणि त्यात गुडघे फुटले ते वेगळेच. या गाडीला मात्र अर्धं मिनिट पुरतं म्हणे. असं का? तर "चार चाकं आहेत, पडणार कशी?" दोन चाकांची सायकल पडते, तीन चाकांची रिक्षा कलंडते, पण चार चाकं म्हणजे पलंगासारखी पक्की!

हे गणित साफ चुकीचं आहे. ते का चुकतं, हे एकदा नीट कळलं की या गाडीचे सगळे नियम आपोआप कळतात, पाठ करावे लागत नाहीत. म्हणून आज आपण ही गाडी जरा उलटीपालटी करून बघू. कागदावर, बरं का!

आधी तिचा जन्म. अमेरिकेत होंडा कंपनीच्या विक्रेत्यांची एक अडचण होती. हिवाळ्यात बर्फ पडला की मोटारसायकली कोण घेणार? तेव्हा थंडीतही खपेल असं काहीतरी द्या, असं त्यांनी जपानला कळवलं. ओसामू ताकेउची या इंजिनियरनं बऱ्याच खटपटीनंतर फुग्यासारख्या टायरांची एक तीनचाकी तयार केली. १९७० साली ती बाजारात आली. पुढच्याच वर्षी 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या चित्रपटात खुद्द जेम्स बाँड तिच्यावर बसून पळाला, मग काय विचारता!

तिची खरी जादू टायरांत होती. पंक्चरवाल्याकडे मोटार नेली की तो हवा भरताना तीसच्या पुढे काटा नेतो. म्हणजे दर चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड दाब. एटीव्हीच्या टायरात साधारण चार ते सात! त्यामुळे टायर दबतो, पसरतो आणि उंटाच्या पावलासारखा वाळूवर रुतून न बसता टेकतो. पण दबलेला टायर चेंडूसारखा उसळतोही, हे लक्षात असू द्या.

तर ही तीनचाकी धडाधड खपली आणि धडाधड उलटलीही. आपली रिक्षा आठवा. जोरात वळण घेताना तिचं आतलं मागचं चाक हलकं होतं आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी 'चौथी सीट' भरली असेल तर पोटात गोळा येतो, खरं की नाही? पुढं एकच चाक असलं की गाडीला टेकायला पुढच्या कोपऱ्यात काही उरतच नाही. एटीव्हीचं तेच झालं. अमेरिकेत इतके अपघात झाले, इतकी मुलं त्यात गेली, की १९८८ साली तिथल्या सरकारशी झालेल्या करारानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकी एटीव्ही विकणं बंद केलं. तोवर चारचाकी निघाल्याच होत्या. सुझुकीची पहिली चारचाकी १९८२च्या सुमारास आली. सगळ्यांना वाटलं, सुटलो! पण अमेरिकेत आजही दर वर्षी अशा गाड्यांवर शेकडो माणसं मरतात आणि त्यांत तुमच्या वयाची मुलं असतात. चौथं चाक आलं तरी गाडी उलटायची काही थांबली नाही.

का? त्यासाठी एक रिकामी काडेपेटी आणा. शिवाय परीक्षेचा पॅड, कंपासपेटीतला कोनमापक आणि एक खोडरबर.

पॅड टेबलावर ठेवा. काडेपेटी त्यावर उभी करा, म्हणजे तिची सर्वांत छोटी बाजू खाली. आता पॅडची एक कड हळूहळू उचला, पेटीची रुंद बाजू उताराकडे तोंड करून असू द्या. (पेटी घसरत असेल तर पॅडवर रुमाल अंथरा.) साधारण सतरा अंशांवर ती धाडकन पडेल. आता तीच पेटी आडवी, पोटावर झोपवा आणि पुन्हा पॅड उचला. पॅड जवळजवळ उभा झाला तरी ती उलटणार नाही. घसरेल, पण उलटणार नाही. पेटी तीच, वजन तेच, मग फरक कशानं पडला? सगळं वजन जिथं एकवटलंय असं मानता येतं, त्या बिंदूला तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वमध्य म्हणतात. तो उंचावर असेल आणि तळ अरुंद असेल, तर थोड्याशा तिरकेपणानंही तो तळाच्या बाहेर जातो. गेला की संपलं.

मोटार म्हणजे झोपलेली पेटी. तिचा तळ रुंद, वजन खाली, माणसं आत बसलेली. एटीव्ही मात्र अरुंद असते, कारण तिला झाडांमधून, खडकांमधून जायचं असतं. तिचं पोट जमिनीपासून उंच असतं, कारण खाली दगड लागता कामा नये. आणि सगळ्यांत वर, घोड्यावर बसावं तसा बसलेला माणूस! म्हणजे तिचा तोल उभ्या पेटीच्याच बाजूला झुकतो.

प्रयोग अजून संपला नाही. पेटी आता लांब अरुंद कडेवर उभी करा आणि तिच्या डोक्यावर खोडरबर ठेवून रबरबँडनं बांधा. पॅड उचला, किती अंशांवर पडते ते लिहून ठेवा. मग रबर सोडा आणि चढाच्या बाजूला थोडा बाहेर डोकावेल असा सरकवून पुन्हा बांधा. पुन्हा उचला. काय झालं? पेटी आता जास्त तग धरते! रबर तोच, फक्त जागा बदलली.

तो रबर म्हणजे तुम्ही.

एटीव्ही नुसती बसून चालवायची गाडीच नाही. तिला उभं ठेवायचं निम्मं काम बसणाऱ्याच्या अंगानं करायचं असतं. चढ आला की पुढं वाकायचं, उतार आला की मागं सरकायचं. आडव्या उतारावरून जायचं तर चढाच्या बाजूला झुकायचं. वळताना आतल्या बाजूला कलायचं. तिची सीट एवढी लांबलचक का असते, याचा कधी विचार केलाय? आपल्याला वाटतं, दोघांसाठी. अहो, नाही! ती मागंपुढं सरकायला जागा हवी म्हणून लांब असते. बहुतेक एटीव्हींवर 'मागे कुणाला बसवू नये' असं चिकटवलेलंही असतं. आपण तो कागद वाचत नाही आणि मागं ताईला, पुढं बंडूला घेऊन ट्रिपल सीट निघतो. मागच्यानं घट्ट मिठी मारली की पुढच्याला हलताच येत नाही. तो बांधलेला रबर होतो. शिवाय मागच्याचं वजन मागच्या चाकांवर पडतं, पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर गाडी पुढून उचलली जाऊन मागं कोलमडते.

पालकहो, इथं तुम्हाला एक विनंती. छोट्याला आपल्या पुढ्यात, दोन हातांच्या मध्ये बसवून फेरी मारायची आणि फोटो काढायचा, हा आपल्याकडचा लाडका प्रकार. "मी आहे ना धरायला!" पण गाडी कलंडली तर मोठा माणूस लहानाला धरू शकत नाही, त्याच्या अंगावर पडतो. वर गाडीचं वजन. मोठ्यांच्या एटीव्हीचं वजन साधारण दोनशे ते साडेतीनशे किलो असतं. तांदळाचं पन्नास किलोचं पोतं डोळ्यांपुढं आणा, तशी चार ते सात पोती.

याच वजनात मुलांचा प्रश्न लपलाय. समजा गाडी अडीचशे किलोची आहे. सत्तर किलोचा माणूस तिच्यावर बसला तर गाडी आणि माणूस मिळून जे वजन होतं, त्याचा पाचवा हिस्सा त्याचा. तो झुकला की गाडीला ते कळतं. आता सातवीतली पस्तीस किलोची मुलगी बसवा. तिचा हिस्सा आठवा. ती कितीही झुकली तरी गाडीला काही पत्ता नाही! हात पुरत नाहीत, पाय नीट टेकत नाहीत, ते आणखी निराळं. हुशारीचा किंवा धाडसाचा हा प्रश्नच नाही, वजनाचा आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगून ठेवलंय की सोळा वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवू नये आणि तिच्यावर मागेही बसू नये.

"म्हणजे आम्ही फक्त बघतच राहायचं?" अशी कुरकुर मला इथपर्यंत ऐकू येतेय. मोठ्यांच्या गाडीवर बसायचं नाही, यात दुसरं मत नाही. मुलांसाठी छोटी एटीव्ही निघते, तिचं वजनही शंभर किलोच्या आगेमागे असतंच. डॉक्टर मंडळी तिलाही नको म्हणतात आणि मला विचाराल तर त्यांचं ऐकावं. पण घरोघरी निर्णय वेगळे होणार, हे मला माहीत आहे. तेव्हा बसायचंच ठरलं तर काय बघायचं, तेही सांगतो.

त्या छोट्या गाडीच्या अंगठ्याच्या खटक्यापाशी एक स्क्रू असतो. तो आत फिरवला की खटका पूर्ण दाबलाच जात नाही, म्हणजे वेग आपोआप बांधला जातो. मागच्या बाजूला बऱ्याचदा एक दोरी असते. ती ओढली की इंजिन बंद. मोठ्या माणसानं ती दोरी हातात धरून बरोबर चालायचं असतं. बाबांनी तिथल्या दादाला सरळ विचारावं, "स्क्रू कुठाय? दोरी कुठाय?" त्याला प्रश्नच समजला नाही, तर दुसरीकडं भेळ खायला जावं.

हा स्क्रू का महत्त्वाचा, तेही ऐका. स्कूटरला रेस द्यायला मूठ पिळावी लागते, इथं अंगठा दाबायचा असतो. आता सांगा, माणूस घाबरला की हातांचं काय होतं? मुठी आवळल्या जातात. गाडी जरा उडाली, पोरगं घाबरलं, हँडल गच्च धरलं, की अंगठा आणखी दाबला गेला आणि गाडी आणखी सुसाट! आई लांबून ओरडते, "अरे सोड, सोड!" पण घाबरलेला हात सुटत नसतो. म्हणून गाडी चालू करण्याआधी, बंद इंजिनावर बसून दहा वेळा अंगठा उचलून ब्रेक दाबायची सवय करायची. दिसायला वेडगळ दिसतं. दिसू द्या.

दुसरी सवय सायकलवाल्यांची. तोल गेला की आपण पटकन पाय टेकवतो. एटीव्हीवर हे कधीही करायचं नाही! पायाच्या मागंच ते रुंद मागचं चाक फिरत असतं. टेकलेला पाय ते मागं खेचून आपल्याखाली घेतं. गाडी पुरती थांबेपर्यंत पाय पायपट्टीवरच. चप्पल, सँडल घालून तर बसूच नये. घोटा झाकणारे बूट हवेत. पावसाळी शाळेचे बूट खराब होतील म्हणून चप्पल घालून निघणाऱ्यांनी ही ओळ आईला वाचून दाखवावी.

आता ओढण्या, लांब वेण्या, मफलर आणि कमरेला बांधलेले शर्ट. इझाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तकी होती. १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात ती उघड्या मोटारीत बसली, तिच्या गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ मागच्या चाकात गुंडाळला गेला आणि ती जागच्या जागी गेली. फार जुनी गोष्ट वाटते ना? २०१८ साली हरियाणातल्या पिंजोर इथं आणि २०२० साली हैदराबादजवळ गो-कार्टच्या फिरत्या भागात केस अडकून तरुण मुलींचे मृत्यू झाले. सहलीला गेलेल्या, हसतखेळत गाडीत बसलेल्या मुली होत्या. तेव्हा केस घट्ट बांधून शर्टाच्या आत, ओढणी आईकडे. बसण्याआधीच. "एकच तर फेरी" असं म्हणायचं नाही.

हेल्मेटची परीक्षा सोपी आहे. पट्टा लावा आणि मैत्रिणीला मागून हेल्मेट पुढं ढकलायला सांगा. ते डोळ्यांवर उतरलं किंवा निघून हातात आलं, तर ते हेल्मेट नव्हे, घमेलं! पट्ट्याचा खटका तुटलेला असेल तर दुसरं मागा. रिसॉर्टवर बहुतेक मोठ्यांच्या मापाची असतात. घरी स्कूटरसाठी तुमच्या मापाचं असेल तर सरळ घेऊन जा.

आता एक गंमतीची, पण कुणी न सांगणारी गोष्ट. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. कबड्डीच्या साखळीत कडेचा गडी जास्त धावतो, तसं. दोन चाकांमध्ये एक मीटर अंतर असेल तर पूर्ण गोल फेरीत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा ६.२८ मीटर जास्त जातं. मैदान केवढंही असो, हा आकडा तोच येतो! (दोन गुणिले पाय गुणिले त्रिज्या, करून बघा.) मोटारीत यासाठी डिफरन्शिअल नावाची गिअरांची जुळणी असते. ती दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देते. बऱ्याच साध्या एटीव्हींमध्ये ती नसते. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवलेली. वळताना त्यांतल्या एकाला घसरावंच लागतं. मातीत, वाळूत ते मुकाट्यानं घसरतं. पण डांबरी रस्त्यावर टायर घट्ट धरून ठेवतो. गाडी वळायला तयार होत नाही, तुम्ही हँडल आणखी वळवता, आणि मग ती एकदम झटका देऊन वळते. वळते कसली, पलटते! म्हणजे बघा, दगडाधोंड्यांवर चालणारी ही गाडी गुळगुळीत रस्त्यावर जास्त धोक्याची. मैदानातून फाटकापर्यंतच्या सिमेंटच्या रस्त्यावर "जरा पळवून बघतो" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. (आपल्या डोंबिवलीतले काही रस्ते पावसाळ्यात डांबरी म्हणायचे की मातीचे, हा वाद आपण इथं नको घालायला.)

आपल्या भागातली जमीन तरी कशी? भाताची कापणी झाली की मुरबाड-शहापूरकडची खाचरं कडक होतात. लांबून सपाट मैदान वाटतं, पण मध्ये बांध असतात. हातभर उंच, पण कडेनं सरळ उभे. एटीव्ही तिरकी बांधावर चढवली की एक चाक वर, तीन खाली, म्हणजे आपला पॅड एकदम उचलला गेला! पेंढ्याखाली बांध दिसतही नाही. पावसात तर खाचर म्हणजे चिखल, आणि त्याखाली दगड आहे की खड्डा, हे पाण्यावरून कळत नाही. अनोळखी जागा आधी पायी फिरून बघायची, हा जाणत्यांचा रिवाज आहे. किनाऱ्यावर ओली वाळू टणक असते आणि दोन हात पलीकडची कोरडी वाळू भुसभुशीत. एका चाकाखाली टणक आणि दुसऱ्याखाली मऊ आलं की हँडल हिसका देतं. त्यात आजूबाजूला किल्ले बांधणारी छोटी मुलं, घोडे, भेळवाले! किनाऱ्यावरची मोकळी फेरी मला तरी पटत नाही. कुंपण घातलेलं, एकाच दिशेनं फिरायचं मैदान असेल तर गोष्ट वेगळी.

शिवाय किनारा आपल्या एकट्याचा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं येऊन वाळूत अंडी घालतात. सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी यांनी २००२ सालापासून ती जपली. कोकणातल्या इतरही काही किनाऱ्यांवर कासवं येतात. पिल्लू बाहेर पडतं तेव्हा तुमच्या तळहातावर मावेल एवढं असतं. चाकाच्या खोल चाकोरीत ते पडलं तर त्याला ती भिंतच वाटते. समुद्राकडं जायच्याऐवजी ते चाकोरीतून चालत राहतं आणि कावळ्यांच्या तावडीत सापडतं.

"मग आपल्या येऊरला का नाही चालवायची?" ठाण्याच्या पोरांचा हा प्रश्न ठरलेला. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथं १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि बिबट्याचं घर आहे ते. वाट सोडून गाडी घालायची जागा नव्हेच. खाडीकाठची मोकळी दिसणारी जमीन? ठाणे खाडीचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची नोंद झाली. चिखलातून पेन्सिलींसारख्या वर आलेल्या काड्या दिसतात ना, त्या तिवरांची नाकं आहेत. चाक गेलं की झाड गुदमरलं.

पालकहो, कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी चालवायला वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत (फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीला सोळा). २०१९च्या दुरुस्तीनंतर मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. रिसॉर्टवाल्यांसाठीही नियम आहेत. केंद्राच्या २०१८च्या साहसी पर्यटनाच्या मार्गदर्शक सूचनांत एटीव्हीचं वेगळं प्रकरण आहे आणि महाराष्ट्र शासनाच्या २०२१च्या धोरणानुसार असे खेळ चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची आहे. तेव्हा पैसे भरताना "नोंदणी आहे का?" एवढं विचारायला लाजू नये. भाजी घेताना आपण जुडी उलटीपालटी करून बघतोच की!

आणि कुणी पडलंच तर? आधी इंजिन बंद. अंगावर गाडी असेल तर तीनचार मोठ्या माणसांनी मिळून ती ताबडतोब उचलायची, कारण छातीवर वजन असलं की श्वास घेता येत नाही. पडलेल्याला उभं करायची घाई नको, हेल्मेट ओढून काढायचं नाही, मान हलवायची नाही. १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. रिसॉर्टवर पोचल्या पोचल्या मोबाईलला रेंज कुठं येते आणि जवळचं हॉस्पिटल कुठं आहे, हे एकानं विचारून ठेवावं.

ज्यांना या गाड्यांचं खरंच वेड आहे, त्यांच्यासाठी शेवटी एक खबर. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांसाठी 'बाजा एसएई इंडिया' नावाची स्पर्धा २००७ पासून होते. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पीथमपूरला ती सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांचे संघ त्यात उतरत आलेत. मुलांनी एकाच माणसाची, कसल्याही जमिनीवर चालणारी गाडी स्वतः आखायची, नळ्या कापून, वेल्डिंग करून बांधायची आणि मग चढावर, खडकांत, चिखलात चालवून दाखवायची. गाडी कितीही देखणी असो, ब्रेकची चाचणी पास झाल्याशिवाय पळवू देत नाहीत. जोरात ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम व्हायलाच हवीत.

आणि गंमत बघा. त्या गाडीत चालकाला पट्ट्यांनी सीटला करकचून बांधतात, आणि रिसॉर्टवरच्या एटीव्हीला पट्टाच नसतो. दोन्ही बरोबर! बाजाच्या गाडीभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. ती उलटली तरी पिंजरा टिकतो, म्हणून माणसानं आतच राहायचं. एटीव्हीला पिंजरा नाही. ती उलटताना बांधलेला माणूस तिच्याखालीच जाईल, म्हणून तिला पट्टा लावत नाहीत.

बरं, तुमच्या काडेपेटीचं काय झालं? मी फक्त उभ्या पेटीचा कोन सांगितला. लांब कडेवर उभी केलेली पेटी किती अंशांवर पडली, डोक्यावर रबर बांधल्यावर किती, आणि रबर चढाकडं सरकवल्यावर किती, हे तीन आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पेटीची लांबी, रुंदी, जाडीही मोजून लिहा, म्हणजे मला ताडून बघता येईल.